ताई म्हणजे कोण

पाच भावंडांत मी थोरली. धाकट्यांनी ताई म्हणावं हे ठीकच, पण पुढं आई-आप्पाही ताईच म्हणायला लागले. आमच्या गावात, न्हावऱ्यात, कुणाला माझं खरं नाव विचारलं असतं, तर सांगणारे दोघं-तिघंच निघाले असते.

नव्वदच्या दशकात नर्सिंग करून दौंडला एका बाळंतपणाच्या दवाखान्यात लागले. वाटलं, सुटले एकदाची. तर तिथं सिस्टर म्हणायचे. शब्द इंग्रजी, अर्थ तोच. खेड्यांतल्या बायका तर सरळ ताईच म्हणत. "ताई, सलाईन संपली." "ताई, बाळ पीत न्हाई." शनिवारी एसटीनं घरी गेलं की तिथंही तेच. माझ्या लग्नाचं कुणी काढलं की आई म्हणायची, "धाकटींचं उरकू द्या, मग ताईचं बघू." धाकट्या दोघींचं उरकलं, भावांचंही झालं. माझं बघायचं राहिलं ते राहिलंच. ते शल्य वगैरे नव्हतं. फक्त थकवा होता. ती हाक कानावर पडली की पाय आपोआप उठायचे, आणि पाय उठले की मला स्वतःचाच राग यायचा.

एकदा वॉर्डात दोन बाळंतिणी शेजारी-शेजारी होत्या. एक उत्तरेकडची, तिचा नवरा शिरूरकडच्या कारखान्यात होता. दुसरी गुलबर्ग्याकडची, रेल्वेतल्या एका गँगमनची बायको. तिच्याबरोबर तिची सासू आली होती. सत्तरीची, पाठीत वाकलेली. ती मला सारखी 'ताई' म्हणायची.

त्या दिवशी सकाळपासून मी उभीच होते. दुपारी तिनं पुन्हा हाक मारली तशी मी वैतागून म्हटलं, "आजी, मी तुमच्या लेकीच्या वयाची. ताई काय म्हणता मला?"

तिला मराठी कळत नव्हतं. ती नुसती हसली. शेजारची उत्तरेकडची बाई मात्र खुदकन हसून म्हणाली, "दीदी, हमारे यहाँ ताई मतलब ताऊजी की घरवाली. बाप के बड़े भाई की औरत. मेरी ताई से तो पूरा घर डरता था."

म्हटलं, चला, कुठंतरी ताईला लोक घाबरतात म्हणायचं.

तेवढ्यात म्हातारीचा मुलगा डबा घेऊन आला. तो इकडच्या नोकरीत मोडकंतोडकं मराठी शिकला होता. "सिस्टर, राग नका धरू," तो म्हणाला. "आमच्यात तायी म्हंजी आई. लेकीबाळींना पण मायेनं तसंच म्हणतेत. ती तुम्हाला आई म्हणते."

म्हातारीनं डबा उघडला आणि कॉटच्या कडेवर हात आपटला. "कुंद्रु, तायी." बस, आई. माझ्या हातावर तिनं ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी ठेवली. मी बसले. ड्युटीवर असताना पेशंटच्या कॉटवर बसून मी कधी खाल्लं नव्हतं. खाता खाता डोळे भरून आले. तिनं आणखी चतकोर वाढली. का म्हणून विचारलं असतं, तरी कुठल्या भाषेत सांगणार होते?

आमच्या डॉक्टरांचे वडील पोथ्या-कोश चाळत बसायचे. त्यांना विचारलं, की हा शब्द आला कुठून? ते म्हणाले, "कोणी म्हणतं संस्कृतातल्या 'तात'वरून, कोणी म्हणतं दक्षिणेतल्या 'ताय'वरून. नक्की कोणाला ठाऊक?" म्हणजे बाप का आई, तेही ठरलेलं नव्हतं. दोन्ही असणार. आमच्या घरी तरी दोन्ही मीच होते.

काही वर्षांनी आप्पांना अर्धांगवायू झाला. घरी सगळे जमले. धाकटा भाऊ म्हणाला, "ताई नर्सच हाय. नोकरी सोडून आली की झालं."

मी म्हटलं, "नोकरी सोडणार न्हाई. आठवड्याला येईन. रोजचं तुम्ही करायचं."

"ताई, तू आसं बोलतीस?"

"व्हय. दमले मी."

कुणी भांडलं नाही, पण आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. धाकट्यानं मुकाट्यानं आप्पांची खाट आपल्या खोलीत नेली.

आप्पांची वाचा गेली होती. महिनाभरानं थोडी परतली, तीही एका शब्दापुरती. पाणी हवं, ताई. कूस बदलायची, ताई. सुनेला ताई, नातवाला ताई, दाढी करायला येणाऱ्यालाही ताई.

एका रविवारी गेले तर धाकटा त्यांचे पाय पुसत होता. आप्पा त्याच्याकडं बघून म्हणाले, "ताई."

"ऐकलं का? मला ताई म्हणत्यात," तो कुरकुरला. "दिवसभर. झोपू देत न्हाईत, जेवू देत न्हाईत."

"मग ओ द्यायची," मी म्हटलं.

त्यानं खरंच "ओ" दिली आणि टॉवेल पिळून पुन्हा पाय पुसायला घेतले. मी पिशवी खाली ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले.