गरम वाऱ्यातली टोपली

पहाटे साडेचारला लक्ष्या धांगडाचा दिवस सुरू होई. सरावलीहून तलासरीला जायचं तर पहिली जीप गाठावी लागे. २०१८ चा पावसाळा होता. तिथल्या जुन्या शेडमध्ये आधी फुगे बनत, तेव्हा लक्ष्या तिथल्या यंत्रांच्या मोटारी दुरुस्त करी. आता पीयूष शेठने तिथे बिटकॉइन काढणारी यंत्रं मांडली होती. ती दिवसरात्र घोंघावत. गावात लोक म्हणत, आत नोटा छापतात. लक्ष्या रोज आत असूनही त्याची शंका पुरती फिटली नव्हती.

बिघाड शोधणं हे त्याचं काम. प्रत्येक यंत्रात चिपांचे तीन बोर्ड. कुठला मेला ते स्क्रीन सांगे, पण लक्ष्याचा स्क्रीनवर भरवसा नव्हता. आधी वायर बदलायची. मग वीज पुरवणारा सप्लाय. मग तोच बोर्ड धडधाकट यंत्रात लावून बघायचा. एका वेळी एकच वस्तू बदलायची. दोन बदलल्या की चोर सापडत नाही, मेहनत मात्र फुकट जाते.

आषाढात मागच्या रांगेतले बोर्ड एकामागून एक मरू लागले. वायर ठीक, सप्लाय ठीक.

"चांगले काढून कोणीतरी भंगार लावतंय," पीयूष म्हणाला. "तुझी बहीण रोज टोपली झाकून नेते. काय असतं तिच्यात?"

गंगी शेड झाडायची. नवरा वारल्यावर ती लक्ष्याकडे राहायला आली. कामाला त्यानेच लावली होती.

"विचारतो, शेठ."

"विचारू नको, शोध. नाहीतर दोघं घरी बसा."

संध्याकाळी जीपमध्ये टोपली गंगीच्या मांडीवर होती. जीपभर मच्छीचा वास, त्यामुळे नाकावरही विश्वास ठेवता येईना.

"काय गं टोपलीत?"

"तुझं डोकं. ताटात येतं तेव्हा विचारतोस का?"

लक्ष्याची शंका वाढली.

दुसऱ्या दिवशी त्याने मेलेले बोर्ड उलटे केले. प्रत्येकाच्या पाठीवर त्याने पूर्वीच नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता. बाटली गंगीकडूनच मागितलेली. सगळे ठिपके जागच्या जागी. म्हणजे बोर्ड बदललेले नव्हते. भिंगातून पाहिलं तर चिपांच्या पायांवर हिरवट बुरा. त्याने हुंगलं. जळका वास नव्हता. बोंबलाचा होता.

दोन रांगांमधल्या गरम गल्लीत कोणी थांबत नसे. तिथे हुकाला टोपली टांगलेली होती.

"गंगे, हे काय?"

"पावसात सुक्या मच्छीला बुरशी येते, दादा. घरी गॅस आहे, सुकवायला चूल नाही. इथली ऊब वायाच जाते."

"वाया कुठे जाते? मागची यंत्रं हाच वारा ओढतात. ओल आणि मीठ खातात."

"आणि खाल्ल्या मिठाला जागली नाहीत मेली."

लक्ष्या हसला नाही. त्याने शेठला सगळं सांगितलं.

"बहिणीला वाचवतोस," पीयूष म्हणाला.

लक्ष्याने वाद घातला नाही. एक बोर्ड घेतला, स्पिरिट आणि ब्रशने चिपेचा एकेक पाय घासला, वाळवला आणि धडधाकट यंत्रात लावला. बोर्ड चालला. पीयूषने दुसरा बोर्ड नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं.

"धू सगळे," तो म्हणाला.

काही बोर्ड उठले, काही नाही. गंगीचं काम टिकलं. पण पीयूष रोज संध्याकाळी तिची पिशवी उघडायला लावी, आणि लक्ष्यालाही तिकडे बघितल्याशिवाय राहवत नसे.

दिवाळीनंतर बिटकॉइनचा भाव कोसळला आणि पुढल्या वर्षी शेड बंद झाली. तोवर लक्ष्याने त्या पगारातून घरामागे पत्र्याची पडवी काढली होती. आत मातीची चूल, आणि चुलीवर गंगीच्या टोपलीसाठी बांबूचा माळा.