आठावरचं पाणी

आमच्या कॉलनीतले रविंद्रनाना साखर कारखान्याच्या लॅबमधून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी एकच वाक्य बोलून माईक खाली ठेवला. "आता त्या पीएचचं पुन्हा तोंड बघायचं न्हाय."

टाळ्या पडल्या. नानांची सगळी नोकरीच पीएच बघण्यात गेली होती. उसाचा रस मुळात आंबटसर. त्यात चुन्याचं दूध सोडून तो सातावर आणायचा, तेव्हा कुठं मळी खाली बसते. चुना कमी पडला की साखर जाते, जास्त पडला की रस काळवंडतो. त्यामुळं सीझन सुरू झाला की नाना रसाला बांधलेले. लग्नं नेमकी सीझनमध्येच. अंजलीबाई प्रत्येक मांडवात एकट्या. कुणी विचारलं, "नाना कुठायत?" तर म्हणायच्या, "रसापाशी." नवख्या माणसाला वाटायचं, ह्यांचं रसवंतीगृह असणार.

विहारातली मंडळी थंडीत बोधगयेला जात, तेव्हाही नाना रसापाशीच. "रिटायर झालो की जोडीनं जाऊ," हा शब्द त्यांनी बायकोला इतक्यांदा दिला होता, की तो घरात देवाणघेवाणीच्या भांड्यासारखा वापरून वापरून गुळगुळीत झाला होता.

आणि निवृत्तीच्याच वर्षी बुद्धघोष, म्हणजे नानांचा मुलगा, बंगळूरला नोकरीला लागला. जाताना आपली काचेची मोठी टाकी हॉलमध्ये ठेवून गेला. टाकीत सिक्लिड. आफ्रिकेतल्या मलावी नावाच्या तळ्यातल्या जातीचे मासे, निळे आणि हळदीसारखे पिवळे, दिसायला देखणे आणि स्वभावानं सोसायटीच्या मीटिंगला आलेल्या सभासदांसारखे.

"नाना, दोन महिने सांभाळा. फ्लॅट मिळाला की नेतो."

"ह्यांना लागतं काय?"

"काय न्हाय. फक्त पाण्याचा पीएच आठाच्या आसपास ठेवायचा."

नाना खाली बसले.

फ्लॅट मिळाला, पण घरमालकाला मासे चालत नव्हते. दुसऱ्या घरमालकाला मासे चालत होते, पण हॉल नव्हता. नाना मात्र रोज सकाळी चहाआधी काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकू लागले. रंग निळसर आला की चहा गोड लागायचा. हिरव्याकडं झुकला की घरात कुणी बोलायचं नाही. माशांच्या घाणीनं पाणी हळूहळू आंबटाकडं सरकतं. मग थोडं जुनं पाणी काढायचं, थोडं नवं घालायचं, फिल्टरमध्ये शिंपल्यांचा चुरा भरायचा. गंमत म्हणजे आमच्या बोअरचं पाणी, ज्यानं कॉलनीतला एकेक गीझर खाल्ला, ज्यानं बादल्यांवर पांढरी पुटं चढवली आणि ज्यात डाळ शिजत नाही म्हणून सुना रुसून बसल्या, ते ह्या पाहुण्यांना थेट मानवलं. आफ्रिकेतून येऊन बारामतीच्या बोअरला नावं न ठेवणारे तेवढेच.

ह्या थंडीत विहारातून पुन्हा बोधगयेची बस ठरली. अंजलीबाईंनी विचारलं नाही, जोडीचं नाव देऊन आल्या.

"आणि ह्यांचं काय?" नानांनी टाकीकडं बोट दाखवलं.

"दुकानदाराला देऊन टाका."

दुकानदार म्हणाला, मोठे झालेले सिक्लिड कोण घेणार, माझे बारके मासे मारून टाकतील. कुणी सुचवलं, उजनी धरणात सोडा. ते नानांना पटेना. भलत्या पाण्यात हे जगतील की मरतील ते सांगता येत नाही, आणि जगले तर तिथल्या माशांचं काय करतील तेही सांगता येत नाही. दर रविवारी विहारात बसून प्राणिहिंसा न करण्याचं शील घेणारा माणूस. तसे ते मासे आवडीनं खायचे. अंजलीबाईंनी हे काढलंच.

"ताटातला मी मारलेला नसतो," नाना म्हणाले. "हा माझ्या हातनं मरंल."

शेवटी शेजारचे मानसिंगराव पुढं झाले. ऊस बागायतदार, दिलदार माणूस. "नाना, मी म्हशी सांभाळतो. मासे म्हंजे काय? तुमी एक दिवस कुठंतरी जाऊन या. बघू जमतंय का."

नानांनी त्यांना सगळं समजावलं. पाणी जरा बदलायची वेळ झालीच होती. "एकच बादली काढा, एकच घाला," एवढं बजावून नाना आणि अंजलीबाई सकाळच्या एसटीनं इंदापूरला थोरल्या बहिणीकडं, रंगुबाईंकडं गेले.

रंगुबाईंनी भावासाठी उजनीची चिलापी मासळी आणली होती. कालवण उकळत होतं. नाना सवयीनं म्हणाले, "आक्का, ही चिलापी आमच्या सिक्लिडची भावकीच."

"मग हिला कुठलं पाणी लागतं?"

"कुठलंबी. गढूळ म्हण, खारट म्हण, कशातबी जगती."

"मग असली गरीब भावकी पाळायची सोडून तसली श्रीमंत कशाला पाळली?"

अंजलीबाई इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडाला लावावा लागला. नानाही हसले. घास उचलला, आणि फोन वाजला.

"नाना," मानसिंगरावांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "सगळे एका कोपऱ्यात गोळा झालेत. कल्ले लय जोरात हलवायलेत."

"पाणी कुठलं घातलं?"

"घातलं की चांगलं."

"मानसिंगराव. कुठलं?"

"फिल्टरचं. जार मागवले. लांबचे पाव्हणे, त्यांना बोअरचं पाणी द्यायचं म्हंजे... बरं दिसतं का? बादलीत काय भागतंय म्हणून निम्मी टाकी बदलली."

आमच्याकडं दारात पाहुणा आला की बोअरचं पाणी पुढं करत नाहीत, जारचंच देतात. मानसिंगरावांनी माणुसकीच केली होती. पण फिल्टरच्या पाण्यात क्षार नसतात. ते आठाला धरून ठेवत नाही, पीएच घसरतो. नानांनी घास ताटात ठेवला, हात धुतला आणि अंजलीबाईंना घेऊन स्टँड गाठलं.

घरी आले तेव्हा मानसिंगराव टाकीसमोर, आयसीयूबाहेर बसतात तसे बसले होते. नळीतला रंग हिरव्याच्याही पलीकडं, पिवळट आला. मानसिंगरावांनी खिशातून तंबाखूची डबी काढली. "चुना हाय. चिमूटभर टाकू का? कारखान्यात तुमी तेच करत होता ना?"

नानांचा हात क्षणभर पुढं झालासुद्धा. सवयीचा हात तो. मग त्यांनी डबी बंद केली. "रस असता तर टाकला असता. ह्यांना एकदम चढलेलं सोसत न्हाय." आणि तांब्यातांब्यानं, थांबत थांबत बोअरचं पाणी घालू लागले. पाठ धरली, तरी उठले नाहीत. संध्याकाळपर्यंत एक पिवळा कोपऱ्यातून बाहेर आला आणि शेजारच्या निळ्याला चावला. "वाचले," नाना म्हणाले.

अंजलीबाई तोवर स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. नानांनी मान खाली घालून सांगितलं, "तू जाऊन ये."

"तुमच्या जागेवर कोण बसंल?"

"पिशवी ठेव."

बस सुटली तेव्हा नाना पोचवायला गेले होते. अंजलीबाई खिडकीत बसल्या, शेजारच्या सीटवर पिशवी ठेवली. मानसिंगराव अपराधी तोंडानं हात हलवत होते, जणू त्यांनीच बोधगया बंद केली होती.

नंतर नाना घरी एकटे. रोज थेंब टाकायचे, रोज रंग निळा. तोच आठ. पाणी हलेना, मासे आजारी पडेनात. नानांना करायला कामच उरलं नाही. एकदा तर ते टाकीवर खेकसले, "अरे, जरा तरी बिघडा की!"

बोधगयेहून व्हिडिओ कॉल आला. मागं पिंपळाच्या फांद्या, चीवर घातलेले भिक्खू, आणि मध्ये अंजलीबाईंचा उन्हानं लाल झालेला चेहरा.

"पाणी कसं हाय?" त्यांनी विचारलं.

"आठावर."

"पहिल्या दिवसापासनं?"

नानांना खोटं बोलता येईना. "व्हय."

"मग आला असता की," अंजलीबाई म्हणाल्या.

रागानं नाही. मागं कुणीतरी अंजलीबाईंना हाक मारली, जोडीनं फोटोला चला म्हणून. त्या वळून म्हणाल्या, "मी एकटीच हाय, ताई. काढा तसाच." त्यांच्या हातात फोन तसाच चालू राहिल्यामुळं नानांना बराच वेळ नुसतं आभाळ आणि पानं दिसत होती. कॉल कट करावा की नाही ते त्यांना कळेना. ते फोन धरून उभे राहिले, टाकीकडं पाठ करून, आणि पानं हलताना बघत राहिले.