मी न दिलेलं बोलावणं

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर गेली काही वर्षं देवावरही नव्हता. मी शाळेत गणित शिकवते. उत्तर चुकलं की कुठली पायरी चुकली ते शोधायचं, ही सवय. हे लिहितेय ते एवढ्याचसाठी, की यातली चुकलेली पायरी मला सापडत नाही.

आम्ही ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे, राहायला पनवेलला खांदा कॉलनीत. माझा नवरा विल्सन किडनीच्या आजाराने गेला. डायलिसिस चालू होतं. पण आमच्या तेव्हाच्या चर्चचे पास्टर घरी आले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू बरा झालायस. आता मशीनवर गेलास तर तो अविश्वास ठरेल." विल्सनने डायलिसिस बंद केलं. मी भांडले, पाया पडले... नाही म्हणजे नाही. शेवटी वॉर्डात नेला तेव्हा फार उशीर झाला होता. दफनविधीनंतर तेच पास्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला." कुणाचा, ते त्यांच्या नजरेत होतं.

त्यानंतर चर्च बंद, प्रार्थना बंद. हॉस्पिटलच्या रस्त्यानेसुद्धा मी जात नाही.

मग एका रविवारी दुपारी बेल वाजली. दारात पंचविशीची मुलगी, चेहरा ओढलेला.

"जय ख्रिस्त, मॅडम. उपासना सुरू झाली का?"

"कसली उपासना? कोण तुम्ही?"

"मी करुणा... तळोज्याची. तुम्हीच पत्ता दिलात ना? मंगळवारी दुपारी वॉर्डात आलात, माझ्या उशाशी बसलात..."

मंगळवारी दुपारी मी शाळेत परीक्षेच्या सुपरव्हिजनला होते. अख्खा वर्ग साक्षीला. "तुमची काहीतरी गल्लत होतेय," म्हणून मी दार लोटायला लागले.

"नाही मॅडम, तुम्हीच. पिस्ता रंगाची साडी होती, काठाला बारीक कुयऱ्या."

माझा हात थांबला. तशी साडी बहिणीने मला नाताळात दिली होती. पण ती फॉल-पिकोला टाकलेली. मी एकदाही नेसले नव्हते. (दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुकानात जाऊन पाहिलं. "कारागीर गावाला गेलाय मॅडम," दुकानदार म्हणाला. साडीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.)

"काय म्हणाले मी?" मी विचारलं.

ती रडायलाच लागली. "माझं बाळ पोटातच गेलं. चर्चमधले म्हणत होते, तुझा विश्वास कमी पडला. तुम्ही म्हणालात – पोरी, यात तुझ्या विश्वासाचा काही दोष नाही. ते खोटं बोलतात. रविवारी माझ्या घरी ये."

विल्सन गेल्यापासून हे एक वाक्य मला कोणीतरी म्हणावं, म्हणून मी वाट बघत होते. एकानेही म्हटलं नव्हतं.

मी तिला आत घेतलं. चहा केला. जाताना तिने विचारलं, "पुढच्या रविवारी मिस्टरांना आणू?" नको म्हणायला मी तोंड उघडलं, आणि म्हणाले, "आण."

तिचा नवरा आला. मग आणखी लोक. काही करुणाच्या ओळखीचे, पण काहींना 'मॅडम' स्वतः भेटल्या होत्या – एस.टी. स्टँडवर, दवाखान्याच्या रांगेत. सगळी कुठल्या ना कुठल्या चर्चमधून दुखावली जाऊन बाहेर पडलेली माणसं. ती मी नव्हे, असं मी प्रत्येकाला सांगायचे. ते हसायचे. त्यांना तो माझा विनय वाटायचा!

एकदा वैतागून घराला कुलूप लावलं आणि बहिणीकडे निघून गेले. परत आले तर शेजारीण म्हणाली, "तुमचे लोक जिन्यात बसून गाणी म्हणून गेले." चीड आली. पण त्याहून चीड आली ती माझीच – बहिणीकडे रविवारी माझं जेवणात लक्ष नव्हतं, सारखी घड्याळ बघत होते. देवाने त्याच्या कामाला बोलावणं, याला आमच्यात 'पाचारण' म्हणतात. तो शब्द मला स्वतःसाठी नको होता.

घर पुरेना, सोसायटीची कुरकुर सुरू झाली. म्हणून तळोज्याजवळच्या एका गावात गाळा बघायला गेले. मालक म्हातारे आगरी गृहस्थ, ओट्यावर बसलेले.

"या बाय, चावी काडूनच ठेवलीय."

"तुम्ही मला ओळखता?"

"आता गं बाय! परवा तुमीच तं आलेल्या गाला बगाया. बोलल्या, मी परत येन, कोनाला देऊ नका." मग चावी पुढे करत, "तुमचा देव येगला आसंल, आमची काय हरकत नाय. गाला झाडून ठेवा म्हंजे झाला."

मी चावी घेतली. दुसरं काय करणार होते?

माझा मुलगा अमोल बंगलोरला असतो. त्याला कळलं तेव्हा फोनवर म्हणाला, "आई, बाबांना ज्यांनी मारलं, त्यांचंच दुकान तू उघडलंस?"

मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "विचार त्या बाईला. बाबा वॉर्डात होते तेव्हा ती कुठे होती?" फोन ठेवला. तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही.

मागच्या आठवड्यात करंजाहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. तिकडे बंदरावर कामाला आलेली चार-पाच ख्रिस्ती कुटुंबं आहेत. "मॅडम, काल आपलं बोलणं झालं ना, मग इथलं कधी सुरू करायचं?" आदल्या दिवशी मी तापाने अंथरुणात होते. तरी म्हणाले, रविवारी संध्याकाळी येते. तळोज्याच्या गाळ्यातली उपासना करुणा आणि तिचा नवरा बघतील.

ही बाई कोण, मला माहीत नाही. माझ्यासारखी दिसणारी कोणी असेल म्हणावं, तर माझ्या मनातलं वाक्य तिला कसं कळलं? भास म्हणावा, तर इतक्या जणांना एकच भास? मला ती अजून एकदाही दिसलेली नाही.

अमोलचा प्रश्न मात्र मी सोडलेला नाही. दर रविवारी प्रार्थनेत तो मोठ्याने देवालाच विचारते – विल्सन जात होता, मी त्याच्या उशाशी एकटी बसले होते, तेव्हा तू कुठे होतास?

सगळे 'आमेन' म्हणतात. उत्तर अजून आलेलं नाही.