देते ती साइट खरी

आमच्या घरात जावयाला नाही म्हणायची पद्धत नाही. वडील गेले, भाऊ नाही, आम्ही दोघीच बहिणी. माझं लग्न टिकलं नाही, त्यामुळे जावईपणाचा सगळा साठा धाकटीच्या नवऱ्याच्या वाट्याला आला. तो सुरतेत आईच्या कोसाडच्या खोलीत शिरला की पंख्याचं तोंड त्याच्याकडे वळतं. भाकरी तव्यावरून थेट त्याच्या ताटात पडते. मी भेस्तानहून दोन रिक्षा बदलून आलेली असले तरी मला माठातलं पाणी स्वतःच घ्यावं लागतं. मी मराठी शाळेतली बाई, आणि तो जवाईबुवा.

जवाईबुवा कापड मार्केटात साड्यांच्या दुकानात सेल्समन आहेत. दिवसभर गिऱ्हाइकांना 'एकावर एक फ्री' सांगून विकणारा माणूस संध्याकाळी स्वतः त्याच वाक्याला फसतो, हे मी याच्यात पाहिलं. फुकट ते पौष्टिक, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. आधी शाम्पूच्या पुड्या आणि कंपन्यांच्या टोप्या यायच्या, मग मोबाईलवर 'वेलकम बोनस' यायला लागले. खातं उघडा, पैसे न भरता खेळा, जिंकलं तर तुमचं. पुढे पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, तेव्हा मी मनातल्या मनात साखर वाटली. पण त्याचा भाव उलट वाढला.

"बंदी आली म्हणून तर खोट्या साइटा माजल्यात, आक्का," तो म्हणाला. "आता खरी कुठली, हे सांगणारा माणूस पाहिजे."

तो माणूस म्हणजे तोच. मार्केटातली पोरं त्याला लिंक पाठवून विचारायची, ही चालेल का? तो मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून, सोनार दागिना बघतो तसा बघायचा. चॅटवर कोणी 'सर' म्हणून लगेच उत्तर दिलं की साइट सभ्य. आणि पहिली जिंकलेली रक्कम खात्यात आली की साइट खरी. "देते ती साइट खरी," हे त्याचं शेवटचं वचन. एकदा मी त्याच्या हातून मोबाईल घेऊन बोनसच्या अटी वाचल्या. मुंग्यांसारखी बारीक अक्षरं. बोनस पुन्हा पुन्हा खेळात लावून फिरवल्याशिवाय त्यातला रुपयाही काढता येत नव्हता, आणि फिरवताना स्वतःचेही पैसे घालावे लागत होते. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. त्याने मोबाईल परत घेतला आणि म्हणाला, "अटी सगळीकडेच असतात."

फुकटच्या खेळाला एकच अडचण होती. बोनस एका माणसाला एकदाच. नवा बोनस हवा तर नवं नाव, नवा नंबर, नवं बँक खातं. स्वतःचं संपलं, धाकटीचं संपलं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धाकटी माहेरी आली, मागोमाग हाही पुरणपोळीला आला. आमच्या खानदेशात आखाजीला पत्ते खेळायला कोणी वाईट म्हणत नाही. कोसाडच्या चाळीतही खाली चटई टाकून पुरुष बसले होते. आरडाओरडा चालला होता, कोण पत्ता लपवतो ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि लपवणाऱ्याच्या आईला हाक मारायची सोय होती. जवाईबुवा तिकडे फिरकलेसुद्धा नाहीत. चिल्लर खेळ म्हणे. ते आईशेजारी पाट सरकवून बसले.

"आई, तुमचा मोबाईल द्या बरं. एक फुकटची योजना आहे, तुमच्या नावाने उघडतो. आणि पासबुक पण."

मी पुरण वाटत होते. म्हटलं, "कशाला?"

आईनेच मला गप्प केलं. "जवाईले नही म्हनतस का कोनी?" आणि तिने उशाखालचं पासबुक काढून दिलं.

त्या पासबुकातले पैसे म्हणजे आईचं काय होतं, हे त्याला माहीत होतं. विधवा पेन्शन आणि साड्यांचे धागे कापून साठवलेले पैसे तिने एकाच कामासाठी ठेवले होते. "मना दहावाले कोनापुढे हात पसरानं काम नही," असं ती आम्हाला वर्षानुवर्षं ऐकवत आली होती. मुलगा नाही म्हणून गावाने तिला पुष्कळ ऐकवलं होतं. निदान मरण तरी स्वतःच्या खर्चाने यावं, एवढाच तिचा हट्ट होता.

आणि साइटने दिले! थोड्याच दिवसांत आईच्या खात्यात रक्कम आली. त्याने लगेच काढून घेतली, पण त्यातून आईला एक सुती लुगडं आणलं. आई शेजारणींना लुगड्याचा पदर दाखवत फिरली. तो माझ्याकडे बघून नुसता हसत होता.

मी त्याला त्याच्याच मार्केटातला शब्द ऐकवला. सुरतेच्या कापड बाजारात 'उठमणूं' म्हटलं की भलेभले आधी उधारीची वही काढून बघतात. नवा व्यापारी येतो, पहिला माल रोखीने घेतो, दुसऱ्याचे पैसे ठरल्या दिवसाच्या आधीच देतो. गल्लीभर नाव होतं. मग सगळ्यांकडून उधारीवर भरपूर माल उचलतो, आणि एका सकाळी दुकानाला कुलूप. जवाईबुवांच्या आधीच्या शेठचं दुकान अशाच एका उठमण्यात बुडालं होतं.

"तो बुडवणारासुद्धा आधी देतच होता ना?" मी विचारलं. "उलट देतो तोच बुडवतो. जो पहिल्यापासून देत नाही, त्याला उधार देतं कोण?"

"आक्का, ती माणसं होती," तो समजूत घालावी तसा म्हणाला. "ही सिस्टीम आहे."

मला वाटलं होतं, साइट एक दिवस पळेल आणि याची खोड मोडेल. तसं झालं नाही. झालं ते त्याहून वाईट. पेन्शन काढायला आई बँकेत गेली तर खातं फ्रीझ. बँकेतल्या मुलीने मला फोनवर नीट समजावलं. आईच्या खात्यात जी 'जिंकलेली' रक्कम आली, ती साइटची नव्हतीच. परराज्यात कुणाला तरी फसवून काढलेले पैसे होते ते. फसलेल्या माणसाने तक्रार केली, पैसे जिथे जिथे गेले ती सगळी खाती पोलिसांनी थांबवली. आईचं सगळं त्यात अडकलं. म्हणजे साइटने दिले होते, हे खरंच. फक्त दुसऱ्याचे लुटून दिले होते.

सायबर पोलिसांकडे जाऊन जबाब द्यायचा होता. खातं कोण वापरत होतं, ते सांगायचं. मला त्यात विचार करण्यासारखं काही दिसत नव्हतं. नाव सांगायचं, संपलं. पण आदल्या दिवशी धाकटी आली आणि माझा हात धरून बसली. "आक्का, त्यासनं नाव लेऊ नको. शेठ कामावरून काढी टाकी." जवाईबुवा कोपऱ्यात मोबाईलकडे बघत बसले होते. आईपुढे मान खाली घालणं सोडा, त्यांनी ताटसुद्धा नेहमीसारखंच स्वच्छ केलं. मी धाकटीला सांगितलं, मी खोटं बोलणार नाही. आई तव्याशी बसून ऐकत होती.

ऑफिसात साहेब वयाने लहान होता, बोलायला चांगला. त्याने आईला पंख्याखाली खुर्ची दिली. त्याचा प्रश्न साधाच होता, खातं तुमचं, मग खेळत कोण होतं? मी तोंड उघडलं. आईने माझ्या मांडीवर हात दाबला.

"मैंच खेली, साहेब."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्या अंगावरच्या नव्या लुगड्याकडे. "माजी, तमे शुं रमतां हतां?"

आपण काय खेळत होतो, हे आईला कुठे माहीत होतं? ती भिंतीकडे बघत राहिली. शेवटी तोच म्हणाला, "कलरवाळी गेम?" म्हणजे रंगावर पैसे लावायचा खेळ. तिने मान हलवली. त्याने लिहिलं, वाचून दाखवलं, आणि ज्या बाईने जन्मात आखाजीलासुद्धा पत्त्याला हात लावला नव्हता, तिने आपण पैसे लावून जुगार खेळतो, असं लिहिलेल्या कागदाखाली सही केली. खरं सांगायला मी अजूनही उठू शकले असते. पण उठले असते तर आईच खोटी ठरली असती. मी बसून राहिले.

बाहेर चहाच्या हातगाडीशी जवाईबुवा उभे होते. आत यायची हिंमत झाली नव्हती, पण चहा पिऊन झाला होता.

"झालं ना नीट?" त्याने विचारलं. मी रिक्षाला हात केला तसा म्हणाला, "पण एक मान्य करा, आक्का. साइटने पैसे तर दिले होते."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, हे मी पोरांना शिकवत आले. उदाहरण आता भेटलं. मला त्याचा राग नव्हता आला. मला त्याचा तिटकारा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

"मी पण येतो घरी, आई जेवायला थांबवतीलच," असं म्हणून तो रिक्षात पाय टाकायला लागला. मी पिशवी मधल्या जागेवर ठेवली आणि रिक्षावाल्याला म्हटलं, "भाई, चलो."

अमरोलीचा पूल ओलांडला. मग आईने पदराने तोंड पुसलं आणि रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानाशी आली.

"मी खेळनू, असं सांगी दिधं मी," ती म्हणाली. "आते तू तं सांग. काय खेळनू मी?"