भाकर जमनाबाईने घेतली नव्हती

मी बांधावर बसले होते आणि सुनबाई उभ्या होत्या. मोबाईल त्यांनी वरून धरला होता. वरून धरला की माणूस बारीक दिसतं. हे मला नंतर कळलं.

मार्गशीर्षातली कपाशीची वेचणी चालू होती. सकाळपासून वाकून कंबर गेली होती. दुपारी हात धुतले आणि फडकं सोडलं. आत भाकर नव्हती. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, एक भाकर आणि ठेचा. सकाळी मीच बांधली होती.

"काय झालं आजी?" सुनबाई म्हणाल्या.

"मनी भाकर कोनी लिधी?"

"कोणी घेतली असेल? तुमचा कोणावर संशय आहे? बोला ना. थोडं रागात."

सुनबाई म्हणजे नानांच्या धाकट्या मुलाची बायको. नाना म्हणजे शेताचे मालक. आमचं गाव पारोळ्यापासून जवळ. माझा मुलगा संजू नानांकडे सालदार आहे, म्हणजे होता. वर्षभराचा बांधलेला गडी. त्याआधी माझा नवरा त्याच घरी सालदार होता. त्याआधी माझा बाप. सुनबाई पुण्याला शिकल्या. लग्न होऊन आल्या आणि गावाकडच्या गमतीचे व्हिडिओ करायला लागल्या. बैल, चूल, म्हाताऱ्या. शहरातली माणसं ते बघतात म्हणे. मी शिव्या चांगल्या देते, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. ते खरं होतं. लग्नात हळदीला व्याह्यांना गाण्यातून शिव्या घालायला मला चार गावांतून बोलावणं यायचं.

तर मी मान वर केली. गाडीपाशी नानांचा ड्रायव्हर उभा होता. तोंडावर हात धरून हसत होता. गाडीची मागची काच अर्धी उघडी होती आणि आत सीटवर माझा ठेच्याचा डबा दिसत होता.

मी तो बघितला. हे मी आजपर्यंत कुठं लिहिलं नाही, सांगितलं मात्र आहे. ते पुढं येईल. मला कळलं होतं भाकर कोणी घेतली.

पण सुनबाईंना काय बोलणार? संजूचं वर्ष त्यांच्या सासऱ्याच्या हातात. भूक लागली होती, राग आला होता, मोबाईल तोंडासमोर होता. माझ्या डाव्या हाताला जमनाबाई बसली होती. ती भिल्ल समाजाची. पिंपळनेरकडून नवऱ्याबरोबर कामाला आली आणि इथंच राहिली. वीस वर्षं माझ्या शेजारची ओळ तिची. मी तिच्याकडे वळले आणि तिला चोर म्हणाले. नुसतं चोर नाही. आधी तिच्या जातीचं नाव घेतलं, घाण करून, आणि मग चोर. मग तिच्या आईला, तिच्या सुनेला. दम लागेपर्यंत.

तो शब्द मी इथं लिहीत नाही. लिहिला तर आणखी एकदा दिल्यासारखा होईल.

हातातला घास जमनाबाईने खाली ठेवला.

मग सुनबाई खूप हसल्या. ड्रायव्हरने भाकर आणून दिली. "आजी, गंमत होती ती. तुम्ही भारी आहात." मी पण हसले. मी हसले म्हणून जमनाबाईपण जरा हसली. मी भाकर खाल्ली. ठेचा तिखट होता की नव्हता, आठवत नाही.

व्हिडिओत भाकर परत आणून दिली ते नाही. मी चोर म्हणते, तिथं संपतो. शेवटी जमनाबाईचं तोंड मोठं करून दाखवलंय आणि मागे हसण्याचा आवाज घातलाय.

खूप लोकांनी तो बघितला. पारोळ्याच्या स्टँडवर दोन कॉलेजच्या पोरी माझ्याजवळ आल्या. "तुम्ही त्याच ना, शिव्यावाल्या आजी? आम्हाला एक द्या ना." मी दिली. बाकावरची सगळी माणसं हसली. एकाने मला बसायला जागा दिली. एरवी मला स्टँडवर कोणी जागा देत नाही. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

घरी संध्याकाळी आम्ही मोबाईलवर तसलंच बघायचो. जाड्या बाईला नवरा पाटाने मारतो. काळ्या नवरीला बघून पाहुणे पळून जातात. तोतऱ्या माणसाला सगळे पुन्हा पुन्हा तेच बोलायला लावतात. आम्ही जेवता जेवता हसायचो. संजूची मुलगी आठ वर्षांची. तिला सगळं पाठ.

पौष महिन्यात एक दिवस ती कंगवा मोबाईलसारखा धरून माझी नक्कल करत होती. माझ्यासारखी कंबरेवर हात ठेवून. भाकर गेली तिथपासून चोरपर्यंत, एक शब्द न चुकता. संजू, त्याची बायको, मी, सगळे हसत होतो. मग पोर एकदम थांबली. दारात जमनाबाई उभी होती.

ती आत आली नाही. आम्ही ये म्हणालोही नाही. तिने उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं की शेजारच्या शिवारात तिला वेचणीला येऊ नको म्हणाले. दुकानात तिची पिशवी उघडून बघतात. तिच्या सुनेला पाण्यावर बाया म्हणाल्या, सासूला विचार भाकर गोड लागली का.

"अक्का, तू त्यासले सांग. मी चोरटी नही शे. तुले माहीत शे."

मी म्हणाले, "गंमत व्हती वं ती. कोन मनवर लेस?"

"मनं काम बंद करं त्यासनी. ती बी गंमतच शे का?"

मी परातीत पीठ घेतलं. ती गेली. पोरीने कंगवा फळीवर ठेवला. संजूने आवाज मोठा करून दुसरं काहीतरी लावलं. मी भाकरी थापत राहिले. बोट तव्याला लागलं तरी कळलं नाही. फोड सकाळी बघितला.

गंमत होती ती. हे वाक्य मी आधी कुठं ऐकलं होतं, ते मला त्या रात्री नाही, दोन-तीन दिवसांनी आठवलं. नाल्यावर कपडे धूत होते तेव्हा.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पोरी झोके खेळतात, गौराईची गाणी म्हणतात, आणि नाल्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना शिव्या देतात. हा खेळ आहे. जुना आहे. त्या दिवशी दिलेल्या शिवीचा कोणी राग धरायचा नाही असं म्हणतात. मी नऊ वर्षांची असेन. चौथीत होते. पलीकडच्या काठावर मोठ्या गल्लीतल्या पोरी, अलीकडे गावाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या. त्या आमच्या जातीवरून द्यायच्या. आमच्या बापांनी ओढलेल्या मेल्या ढोरांवरून. आम्ही त्यांना नवरा टकला मिळेल, सासू छळेल, असलं काहीतरी. त्या वर्षी मी नानांच्या बहिणीला म्हणाले की तुझं नाक पावट्याच्या शेंगेसारखं. आमच्या काठावर सगळ्या हसल्या. पलीकडे कोणी हसलं नाही.

संध्याकाळी माझ्या बापाला बोलावलं. सालाचा दिवस तो. आखाजीलाच सालदार ठरतो, ठेवायचा की सोडायचा ते त्याच दिवशी. बापाने मला त्यांच्या ओट्याखाली उभं केलं आणि सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. दोनदा. मी म्हणाले, त्यांनी पण दिल्या. तेव्हा ओट्यावरून नानांची आई म्हणाली, "पोरींची गंमत होती ती. हिच्याच मनाला लागतं."

बापाचं साल राहिलं. मी पाचवीला गेले नाही. त्याचं कारण वेगळं होतं, पण माझ्या डोक्यात ते दोन्ही एकाच ठिकाणी आहे.

त्या दिवशी मी एक शिकले. शिवी वर जात नाही. खाली जाते, नाहीतर शेजारी जाते. मग मी आयुष्यभर तशीच दिली. सुनेला, पोरांना, वडारांच्या बायांना, जमनाबाईला. माझ्या तोंडाला सगळे वाखाणायचे. दर पौर्णिमेला विहारात हात जोडून मी म्हणते की खोटं बोलणार नाही. म्हणायची आणि घरी यायची.

जमनाबाई दारात आली होती, त्यानंतर मी तिच्याकडे गेले नाही. जायला हवं होतं. काय तोंडाने जाऊ, असं म्हणणार नाही. तोंड होतं. संजूच्या सालाची भीती होती. पौष गेला, माघ गेला, फाल्गुन गेला.

चैत्र सरता सरता सुनबाई घरी आल्या. आमच्या घरी पहिल्यांदाच. म्हणाल्या, "आजी, आखाजीचा तो शिव्यांचा खेळ आता बंद पडत चाललाय. आपण त्याचा मोठा व्हिडिओ करू. परंपरा जपायला पाहिजे. एका काठावर तुम्ही. लोक तुमचीच वाट बघतायत." मग म्हणाल्या, "त्या भाकरीवाल्या बाईलापण समोरच्या काठावर बसवू. लोकांना ती जोडी आवडली."

मी विचारलं, "ती कोन?"

"ती हो. भाकरचोर."

मी म्हणाले येते. संजू खूश झाला.

आखाजीला नाला कोरडाच असतो. दगडांवर सतरंज्या टाकल्या होत्या. तीन पायांच्या काठीवर एक मोबाईल लावला होता, एक सुनबाईंच्या हातात. गावातल्या बऱ्याच बाया नटून आल्या होत्या, त्यांचेही मोबाईल चालू. नाना कडुलिंबाखाली खुर्चीवर. संजू त्यांच्यामागे उभा, कारण संध्याकाळी साल ठरायचं होतं. समोरच्या काठावर आमच्या बरोबरच्या मजूर बाया बसवल्या होत्या. जमनाबाई बसली नव्हती. तिला बोलावणं गेलं होतं. ती आली आणि बाभळीपाशी उभी राहिली, डोक्यावर सरपणाची मोळी तशीच.

"आजी, सुरू करा. नेहमीसारखं."

मी बसून राहिले. डोकं रिकामं होतं. भीती नव्हती, राग नव्हता. पायाला खडे टोचत होते तेवढं कळत होतं.

"आजी लाजल्या," सुनबाई म्हणाल्या. बाया हसल्या. कोणीतरी एक बारका खडा माझ्या पाठीवर मारला, मी उसळावं म्हणून. मग दुसरा.

मी उभी राहिले. सुनबाईंना मोबाईल वर करावा लागला.

मी म्हणाले, "आयका बठ्ठ्या. मनी भाकर जमनाबाईनी लिधी नही व्हती. सुनबाईनी गाडीमा ठेवी व्हती. माले तवयच माहीत व्हतं. मी खोटं बोलनू."

कोणी हसलं नाही. एक-दोघींना वाटलं पुढं गंमत येणार, त्या वाट बघत होत्या.

"आजी, हे नको," सुनबाई हळू म्हणाल्या. "हे आपण कापू."

"कापा. मी उद्या दुकानासमोर सांगसू. परवा पाण्यावर."

नाना खुर्चीतून म्हणाले, "संजूनी माय, खाले बस." पन्नास वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. मीही जमनाबाईला वीस वर्षांत तिच्या नावाने हाक मारली नव्हती. ये वं, जाय वं, आणि तो शब्द. मी खाली बसले नाही. मी नाला ओलांडून पलीकडे गेले. कोरडा नाला, दहा पावलं. गुडघे दुखत होते म्हणून वेळ लागला.

जमनाबाईसमोर उभी राहिले. "जमनाबाई," म्हणाले. पुढं काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

ती म्हणाली, "पाच महिना लागनात तुले, अक्का."

आणि मोळी सावरून वाटेला लागली.

त्या संध्याकाळी नानांनी संजूचं साल ठेवलं नाही. संजू घरी येऊन म्हणाला, "माय, तुले आजच सुचनं का?" मी हो म्हणाले. तो आता जळगावला दालमिलमध्ये आहे. पंधरा दिवसांनी येतो. माझ्याशी कमी बोलतो. सून बोलते. तिला आधी माझ्या किती शिव्या खाव्या लागल्या ते ती मोजत नाही, मी मोजते.

सुनबाईंनी माझं बोलणं कापलं. दुसऱ्या बायांच्या मोबाईलमध्ये ते आहे, पण ते फार कोणी बघत नाही. पहिला व्हिडिओ अजून फिरतो. म्हणून मी हे लिहायला घेतलं. अक्षर मोठं येतं, वेळ लागतो. दुकानदाराला मी तोंडावर सांगितलं. शेजारच्या शिवाराच्या मालकाला सांगितलं. तो म्हणाला, बघू. पुन्हा जाईन.

हळदीच्या शिव्या सोडल्या. यंदा तीन घरांतून बोलावणं आलं, गेले नाही. घरात पोर मोबाईल लावते तेव्हा मी विचारते, यात कोणाला हसायचंय? तिला सांगता आलं आणि ते माणूस मार खाणारं असलं, की बंद. ती रुसते. रुसू दे. कंगवा धरून तिने माझी नक्कल परत एकदा सुरू केली तेव्हा मी तिचा हात धरला आणि जमनाबाईच्या घरी नेलं. भाकर कोणी घेतली होती ते तिच्या तोंडून तिथं वदवलं. जमनाबाईची सून चुलीपुढे होती. तिने ऐकलं आणि फुंकणी उचलून चूल फुंकायला लागली.

दसऱ्यानंतर वेचणी लागेल. नानांच्या शेतात मला घेणार नाहीत. शेजारच्या शिवारात मी आणि जमनाबाई दोघींना घ्या, नाहीतर मलाही नको, असं मी सांगून आले आहे. घेतलं तर तिच्या शेजारची ओळ धरीन. तिने ओळ बदलली तर बदलू दे. माझ्या भाकरीचं फडकं मी रोज तिच्या फडक्याला लागून ठेवणार. गाठ न मारता.