पहिल्याच हाकेला

मेश्राम सर कधी समोर उभे राहून शिकवत नसत. बाकीचे कोच कोर्टाच्या मध्यावर, गळ्यात शिट्टी, कमरेवर हात. सर मात्र बास्केटच्या मागे भिंतीला टेकून उभे राहायचे आणि आम्ही डिफेन्समध्ये गुंतलो की तिथून हाक घालायचे, "मांगं कोन हाय?" सगळ्यांत मागे, बास्केटजवळ जी असेल तिने तत्काळ ओरडायचं, "मी हाय सर." म्हणजे पुढच्या चौघींना मान वळवून पाहावं लागत नाही. कोणीच ओ दिली नाही तर सर रागवत नसत. "चला, मानूस हारपला," एवढंच म्हणायचे, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या दिवशी हाक आली तेव्हा मागे मीच होते, आणि मी गप्प राहिले. मी रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात वाढलेली. आईची ताकीद होती की मागून हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही, तीन हाका होऊ द्यायच्या. माणूस तीनदा बोलावतो, दुसरं जे काही असतं ते एकदाच. मी हे कारण सांगितलं आणि सगळ्या पोरी खो खो हसल्या. सर हसले नाहीत. टोपी काढून त्यांनी टक्कल पुसलं.

"आई बराबर सांगते तुही," ते म्हणाले. "पन तीन हाका होतवर बास्केट पडून जाईन ना, पोट्टी. माह्या पहिल्याच हाकेले ओ देत जाय. बाकीच्याइले तीन."

ही हाक त्यांनी कुठल्या पुस्तकातून उचललेली नव्हती. गोंदियाकडच्या त्यांच्या गावातली पोरं रानातल्या पायवाटेने, एकामागे एक, शाळेत जायची. सगळ्यांत पुढचा मोठा पोरगा चालता चालता विचारायचा, मांगं कोन हाय, आणि शेवटच्याने ओ द्यायची. "एक डाव ओ नाही आली," सर एकदा म्हणाले आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. नाडी बांधलेलीच होती.

सर खेळाच्या जोरावर रेल्वेत लागले, रेल्वेतूनच निवृत्त झाले आणि बूढ़ापाऱ्यातल्या घरात आरामात बसायच्या वयात आमच्या गळ्यात पडले. बायकांची नवी लीग निघाली होती, रायपूरच्या एका व्यापाऱ्याने टीम घेतली होती, आणि देशभरातून गोळा केलेल्या आम्हा पगारी पोरींना मेश्राम सर त्यांच्या मराठी-हिंदीच्या खिचडीत घडवत होते. "बॉल को मत देख, सामनेवाली की कंबर देख. बॉल खोटं बोलते, कंबर नाही बोलत." केरळच्या पोरीलाही हे कळायचं, कसं ते देव जाणे. महासमुंदकडची दुर्गा आमची सगळ्यांत उंच खेळाडू. तिला मराठीचा गंध नव्हता, पण "मी हाय सर" एवढं ती अशी ठणकावून म्हणायची की बाहेरचे स्कूटरवाले वळून बघत.

आम्ही लागोपाठ हरलो. अर्ध्या हंगामात मॅनेजर सरावाच्या वेळी येऊन दाराशी उभा राहिला आणि सरांनी काय ते ओळखलं. टॉवेल उचलला, थर्मास उचलला. "नवे सर येऊन राहिले. त्याइचं ऐकजा," म्हणाले. दारात थांबून त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं. "येतो," म्हणाले आणि गेले.

"क्या बोले?" दुर्गाने विचारलं.

"येतो म्हणाले. जाने के टाइम ऐसा ही बोलते हैं हमारे में," मी म्हटलं. आमच्या घरी 'जातो' हा शब्द कोणी उंबऱ्यावर उच्चारत नाही. तो अशुभ.

"आता हूँ बोल के कोई जाता है क्या, दीदी?" तिने मला वेड्यात काढलं. "आएंगे सर." आणि त्या दिवसापासून प्रत्येक मॅचला बाकाच्या टोकाची एक खुर्ची तिने कोणाला बसू दिली नाही.

नवे कोच माणूस म्हणून चांगले होते, खेळही उत्तम जाणत होते. त्यांना कोर्टावर आरडाओरडा चालत नसे. सगळं हातांच्या खुणांनी. आम्ही खुणा शिकलो आणि मुक्या झालो. सर म्हणायचेच, मुकी टीम हारते. बास्केटमागच्या भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग पडला होता. सराव रंगात आला की नजर तिथे जायची. आपली कोणाला तरी ओ द्यायची राहिली आहे, असं वाटत राहायचं. एकदा बॉल हातात घेऊन दुर्गा त्या डागाकडे पाहत उभीच राहिली. कोचनी दोनदा टाळी वाजवली तेव्हा भानावर आली.

हरणं काही थांबलं नाही. नवे कोचही गेले. मालकांनी साफ सांगितलं, शेवटचा नंबर आला तर टीम बंद. आम्हा बाकीच्यांना कुठे ना कुठे काम मिळालं असतं. दुर्गाला टीम बंद म्हणजे गावी परत, आणि गावी परत म्हणजे ठरवून ठेवलेलं लग्न. सगळं शेवटच्या मॅचवर आलं तेव्हा मॅनेजर मला घेऊन बूढ़ापाऱ्यात सरांच्या घरी गेला.

सर खाटेवर उशांना टेकून बसले होते. इतके वाळले होते की मी आधी त्यांच्या पत्नीकडे, काकूंकडेच पाहिलं. दम लागायचा, एकेक वाक्य तोडून बोलत होते. मॅनेजर चाचरत माफी मागायला लागला.

"काढलं तवा काहून काढलं, ते सांगतलं नाही," सर म्हणाले. "आता काहून बोलावून राहिले तेही नोका सांगू." मग माझ्याकडे वळून, "पोट्ट्या बोलतेत का कोर्टावर?"

मी मान हलवली. नाही.

"येतो," सर म्हणाले.

काकू दारापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्याइले उठवत नाही हो, बाई. म्हनाले म्हनून धरून नोका बसू." मी टीमला खरं ते सांगितलं. दुर्गाने खुर्ची पुसून ठेवली.

मॅचच्या आदल्या दिवशी सकाळी सर गेले. आम्ही सगळ्या जणी स्मशानात जाऊन आलो. मला रडू आलं नाही, राग आला. शब्द देऊन न येणाऱ्या माणसावर यावा तसा.

मॅच आमच्याच सरावाच्या कोर्टावर होती, बाकावर सहायक कोच बसले होते. टोकाची खुर्ची रिकामी. शेवटची काही सेकंदं उरली, आम्ही एका गुणाने पुढे, बॉल त्यांच्याकडे. आम्ही पाचही जणी बॉलकडे ओढल्या गेलो. मुक्या. मागे बास्केटखाली आमची एकही जण नव्हती आणि ते आमच्यापैकी कोणाच्या लक्षात नव्हतं.

"मांगं कोन हाय?"

मी विचार केला नाही. "मी हाय सर," ओरडले, आणि मी तिथे नव्हते. ओ दिली म्हणून वळले आणि दिलेली ओ खरी करायला धावले. त्यांची एक पोरगी बास्केटखाली मोकळी उभी होती, बॉल तिच्याकडे निघाला होता. माझी दोन बोटं लागली. बॉल बाहेर गेला आणि भोंगा वाजला.

सगळ्या माझ्या अंगावर पडल्या, मॅनेजर रडला. मी भिंतीकडे पाहत होते. तिथे डागाखेरीज काही नव्हतं. आठवणीतली हाक होती ती, मी मनाला समजावलं. सवयीने कान वाजतात माणसाचे. हे कोणाला सांगायचं नाही, असं मी ठरवूनही टाकलं.

कपडे बदलताना दुर्गा शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "आप पहले बोल दी, दीदी. मैं भी बोलने ही वाली थी."

माझे हात बुटावरच राहिले.

"सर येतो बोले थे," ती म्हणाली. मग अगदी हलक्या आवाजात तिने विचारलं, "एक ही बार बुलाए ना?"

"हव," मी म्हणाले. "एकदाच."