निखाडे काकांची पिवळी दांडी

निखाडे काका एखाद्याच्या घरी पहिल्यांदा गेले, की चपला दाराशी काढून थेट बाथरूममध्ये शिरत. बादलीतलं मग्गाभर पाणी कोरड्या फरशीवर ओतत आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून ते कुठं जातं हे बघत उभे राहत. पाणी मुकाट्यानं जाळीकडे गेलं, तर बाहेर येऊन बसत आणि चहा घेत. ते कोपऱ्यात थबकलं किंवा दाराकडे निघालं, तर मात्र त्या घराची धडगत नसे. चहा गार होईपर्यंत ढाळ, जाळी आणि मिस्त्री या विषयांवर निमूटपणे ऐकून घ्यावं लागे.

"पाण्याले विचार ना, बाई," ते म्हणत. "मिस्त्री खोटं बोलते, टाइलवाला खोटं बोलते. पाणी कोणाची भीड नाही ठेवत."

भीड काकांनाही नव्हतीच. आमच्या गल्लीतल्या एका वास्तुशांतीला पाहुणे जेवायला बसत असताना त्यांनी हा प्रयोग केला. पाणी बाथरूममधून बाहेर आलं, पॅसेजमधून वळलं आणि पहिल्या पंगतीच्या पाटांखाली शिरलं. पुरणपोळीचं ताट हातात धरून पाहुण्यांना उठावं लागलं. घरमालकीण पुढं कित्येक महिने काकांशी बोलत नव्हत्या. काकांना त्याचं काहीच वाटलं नाही. आज पंगत भिजली, उद्या भिंत भिजली असती, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्यांची सगळी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लांटमध्ये, पाण्याच्या पाइपलाइनी सांभाळण्यात गेली. भंडाऱ्याकडचे, तरुणपणी भिलाईला आले ते इथलेच झाले. मी लहान असताना सेक्टर 10 मध्ये त्यांचं क्वार्टर आमच्या समोर होतं. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा त्यांनी दुर्गला मोहन नगरात तयार घर घेतलं. पुढं माझ्या नवऱ्यानं आणि मी त्याच गल्लीत प्लॉट घेतला, आणि आमच्या घराचे काका आपोआप, न नेमलेले इंजिनिअर झाले.

आमच्या बाथरूमच्या टाइल्स आणून ठेवल्या होत्या. मी त्यांचा रंग कौतुकानं दाखवायला गेले, तर काकांनी ढुंकूनही पाहिलं नाही. "टाइल कावून दाखवून राहिली? टाइल तर आखरीले लागते. पहिले पाइपात प्रेशर भरून ठेव, रात्रभर राहू दे. सकाळी उतरलं तर समज, भिंतीत चोर हाये." मग त्यांनी वरच्या मजल्यावरच्या त्या बाथरूमची फरशी पाण्यानं भरून ठेवायला लावली आणि आपण खालच्या खोलीत उभं राहून छताला ओल येते का ते पाहायला रोज येत राहिले. गीझरच्या व्हॉल्व्हची नळी त्यांनी मिस्त्रीकडून खाली जाळीपर्यंत आणवली, नाहीतर उकळतं पाणी एखाद्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यावर येईल म्हणून. आमच्या बोअरच्या पाण्यात खार फार. म्हणून थंडी लागायच्या आधी गीझरची कॉइल काढून साफ करायची, हा त्यांचा दरवर्षीचा सण होता. अख्ख्या गल्लीच्या कॉइल ते अंगणात मांडून बसत आणि सुमनकाकू त्यांच्याकडे बघत मला म्हणत, "पाह्य, वाळवणं घातले."

सुमनकाकू म्हणजे त्यांच्या अगदी उलट. कमी बोलणाऱ्या, ठेंगण्या, आणि आपलं कुठलंही काम दुसऱ्याला करू न देणाऱ्या. काका सगळ्या गावाची बाथरूमं पाहत फिरत, तेव्हा काकूंचं घरचं बाथरूम जसं विकत मिळालं तसंच होतं. गुळगुळीत फरशी, आत उघडणारं दार. घरच्याकडे पाहायला सवड कोणाला होती?

त्या बाथरूमनंच घात केला. काकू साबणाच्या पाण्यावरून घसरल्या आणि दाराला टेकून पडल्या. दार आत उघडणारं. ते ढकलावं तर काकूंनाच लागत होतं. बाहेर काका दारावर हात ठेवून नुसते "सुमन, सुमन" करत राहिले. शेवटी माझ्या नवऱ्यानं झरोक्याची काच काढली, आत उतरून त्यांना बाजूला सरकवलं, तेव्हा दार उघडलं. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. पण दवाखान्यात आया ओल्या फडक्यानं अंग पुसायला यायची, तेव्हा काकू भिंतीकडे तोंड करून घेत. मी एकदा पाय दाबत बसले होते, तेव्हा म्हणाल्या, "बाई, चालाले नाही आलं तरी चालते मले. पण आंघोळ दुसऱ्याच्या हातानं? त्याच्यापेक्षा मी मेलेली बरी."

त्यांचा मुलगा प्रशांत पुण्याहून आला होता. चांगला मुलगा, आईच्या काळजीनं कासावीस झालेला. दोघांनी पुण्यालाच यावं, फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, दिवसभराची बाई ठेवू, असं त्याचं म्हणणं. "आई, तू समझ नाही राहिली. वहाँ सब कुछ है," तो सांगत राहिला. त्यात एक बाई आंघोळ घालायलाही असणार होती, हे काकूंनी बरोबर ऐकलं. काकांनी मुलाकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. दिवाळीला तो येईल तेव्हा आई स्वतःची आंघोळ स्वतः करत असेल तर दोघं इथंच राहतील, नसेल तर सामान बांधतील. काकूंनी मान हलवली. त्यांचं सगळं त्या एका बाथरूमवर येऊन ठेपलं.

काका कामाला लागले ते प्लांटमध्ये दुरुस्तीसाठी शटडाऊन घेतात तसे. फरशी उखडली, ढाळ नव्यानं दिला, खरखरीत टाइल्स बसवल्या. दार काढून बाहेर उघडणारं लावलं, आणि कडी बाहेरूनही काढता येईल अशी. उंबरा गेला. बादलीऐवजी गरम-गार मिसळून देणारा नळ आला. आणि तीन भिंतींना जाडजूड लोखंडी दांडी. तिला प्लांटच्या रेलिंगसारखा झगझगीत पिवळा रंग. उंचीही तीच, रेलिंगची. तिथं आयुष्यभर ज्या उंचीच्या रेलिंगला धरून माणसं सुखरूप चालली, त्या उंचीत चूक कशी असेल? गल्लीतली माणसं पाहायला येत आणि काका दांडीला लोंबकळून दाखवत. "हत्ती लटकला तरी नाही निघत," असं ते प्रत्येकाला सांगत.

काकू वॉकर घेऊन घरी आल्या. आल्या दिवशीच काकांनी त्यांना बाथरूम दाखवलं. मीही होते. काकूंनी दांडी धरली, जरा उभ्या राहिल्या, मग सवयीनं खाली बसायला गेल्या. अर्ध्यावर दांडी हातातून सुटली, कारण ती खांद्याच्याही वर राहिली. मी आणि काकांनी काखेत हात घालून त्यांना धरलं नसतं, तर त्या पुन्हा पडल्या असत्या.

खुर्चीवर बसवल्यावर काकूंनी आधी पदर सारखा केला. मग शांतपणे म्हणाल्या, "मी कधी उभ्यानं आंघोळ केली का, हो?"

काका पहिल्या पाळीला निघायचे तेव्हा काकूंची आंघोळ होऊन डबा तयार असायचा. एवढा जन्म एका घरात काढला, पण बायको बसून आंघोळ करते की उभी राहून, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. सगळ्या भिलाईतलं पाणी कुठं जातं हे ठाऊक होतं. काका अंगणात जाऊन पालथ्या बादलीवर बसले. मला त्यांचा रागही आला आणि कीवही.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मला बोलावून घेतलं. आंघोळ कशी करते ते काकांना एकटीनं करून दाखवायला त्यांना लाज वाटत होती. कोरड्या बाथरूममध्ये त्या लुगड्यानिशी, स्टुलावर बसल्या. समोर रिकामी बादली, हातात रिकामा मग्गा. काका खाली फतकल मारून बसले होते, हातात खडू. "आता कर," ते म्हणाले. "रोज करते तशी. घाई नको करू."

काकू संकोचानं मग्गा खांद्यावर नेत होत्या. डोक्यावर पाणी घेताना डोळे मिटत. मिटल्या डोळ्यांनी डावा हात भिंतीवर टेकवत. काकांनी तिथं खूण केली. साबण उजवीकडे, मांडीच्या उंचीवर, खूण. टाचा घासायला वज्री लावताना त्या एका बाजूला कलत आणि उठताना पुन्हा डावा हात, आणखी खाली. गरम पाणी मिसळताना बोट बुडवून पाहिल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. म्हणजे तो नळ बाद, बादलीच हवी. काका मध्येच विचारत, "टॉवेल कुठं ठेवते?", "लुगडं बसून नेसते का उभ्यानं?" आणि काकू नव्या नवरीसारख्या खाली मान घालून सांगत. मी दाराशी उभी राहून दुसरीकडे पाहत होते. इतकं खाजगी बोलणं मी नवरा-बायकोत ऐकलं नव्हतं.

ताज्या टाइल्स फोडणाऱ्यांना काका आयुष्यभर मूर्ख म्हणत आले होते. संध्याकाळी त्यांनी स्वतः छिन्नी लावली. दांड्या खाली आल्या, खडूच्या खुणांवर. बसायला कडप्प्याचा ओटा झाला, काकूंच्या गुडघ्याच्या उंचीचा. पिवळा रंग मात्र राहिला. तेवढा हट्ट काकूंनी चालू दिला.

दिवाळीला प्रशांत आला. नरक चतुर्दशीला उटणं घेऊन काकू आत गेल्या, कडी लावली, आणि तो बाहेर जीव मुठीत धरून बसला. त्या न्हाऊन, केसांना टॉवेल गुंडाळून, आपल्या पायांनी बाहेर आल्या. सामान बांधायचा विषय त्या वर्षी निघाला नाही.

त्यानंतर काकांची जुनी खोड मोडली. नव्या घरी गेले की मग्ग्याला हात लावायच्या आधी ते विचारू लागले, "इथं आंघोळ कोण करते? त्याले बोलाव. बसव. करून दाखव म्हणावं." लोक हसत. काका हसत नसत. ढाळ काय, कोणीही देईल, म्हणत. माणूस हात कुठं टेकते ते पाह्य पहिले.

काका गेले ते पुढं एका वर्षी पावसाळा संपता संपता, झोपेतच. तेरवी झाली, पाहुणे पांगले, आणि प्रशांतनं तोच जुना विषय काढला. आता आईनं एकटीनं इथं राहण्यात काय अर्थ? त्यानं स्वतःबरोबर तिचंही तिकीट काढलं होतं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, कपडे घेतले आणि आंघोळीला गेल्या. कडीचा आवाज आला. आम्ही बाहेर बसून होतो. पाणी पडत होतं, थांबत होतं, पुन्हा पडत होतं. मध्ये एकदा ते फार वेळ थांबलं आणि प्रशांत उठला. मी त्याचा हात धरून त्याला बसवलं.

काकू बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण पाय वज्रीनं घासलेले होते. "तुह्या घरी सगळं हाये रे," त्या मुलाला म्हणाल्या. "पण इथं डोळे मिटले तरी माहा हात पुरते. तुह्या बापानं पुरवला."

प्रशांत बाथरूममध्ये गेला. ओल्या ओट्यावर पँटसकट बसला, डोळे मिटले आणि डावा हात पुढं केला. तो उंचापुरा, हात कोऱ्या भिंतीवर आपटला. मग त्यानं तो हळूहळू खाली नेला, आणि पिवळी दांडी सापडली. ती धरूनच तो उठला.

बाहेर आल्यावर तिकिटाबद्दल तो काही बोलला नाही. मला विचारलं, "ताई, ते गीझरची कॉइल ठंडीच्या आधी साफ करायची असते ना? कोणाले नका बोलवू. मी येतो पुण्याहून."